एसटीच्या दचक्यांनी नव्हे

मी कोरेगावात राहते आणि एसटीत कंडक्टर आहे. हे आधी सांगते, कारण पाच वर्षं माझ्या प्रत्येक दुःखाचं कारण लोकांनी या नोकरीत शोधलं. कुणी तोंडावर बोललं, कुणी माघारी. आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटत चाललं होतं.

माझं नाव वर्षा. माहेर तासगावकडचं. नवरा अमोल, कोरेगावात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळलेल्या मोटारी त्यांच्याकडं येतात. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत आहे.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला पहिल्यांदा दिवस गेले. आठव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडून वळवून स्वतःकडं घेतला. "ठोके आले नाहीत," ते म्हणाले. "पहिल्या खेपेला होतं असं कधी कधी. मनाला लावून घेऊ नका." मी लावून घेतलं नाही. निदान तसं दाखवलं. दोन आठवड्यांनी ड्युटीवर हजर झाले.

दुसऱ्या खेपेला पाळी चुकल्याबरोबर रजा टाकली. जिना चढले नाही, पाण्याची बादली उचलली नाही, अंथरुणातून उठताना कुशीवर वळून उठायचे. तरी दहाव्या आठवड्यात तेच झालं. तेव्हा शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "रजा उशिरा घेतली गं तू."

तिसरी वेळ

तिसऱ्या वेळी मी कुणाला सांगितलंच नाही. अमोलना आणि मला, दोघांनाच माहीत. कामावर जात राहिले. अकरावा आठवडा होता. लोणंदच्या फेरीवर होते, गाडी भरलेली. वाठार सोडल्यावर कंबरेतून कळ आली आणि मला समजलं.

पुढच्या सीटवर आटपाडीकडची एक धनगर म्हातारी बसली होती. बाजाराला निघालेली, मांडीवर गाठोडं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हात धरून मला शेजारी खाली बसवलं.

"बस, बाय. तिकिटं कुटं पळून जात न्हाईत."

तिनं स्वतःची घडी घातलेली घोंगडी माझ्या कमरेभोवती गुंडाळली, म्हणजे कुणाला काही दिसणार नाही. आमच्या ड्रायव्हरकाकांना तिनंच हाक मारून सांगितलं. काकांनी गाडी सरळ लोणंदच्या दवाखान्यासमोर नेऊन उभी केली. उतरताना मी घोंगडी सोडायला लागले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माझ्याकडं दुसरी हाय." मी तिचं नावही विचारलं नाही. ते राहूनच गेलं.

तिथून मला साताऱ्याला हलवलं. वॉर्डात जागा नव्हती म्हणून बाळंतिणींच्या खोलीतली खाट मिळाली. डावीकडं एक बाळ, उजवीकडं एक बाळ. उजवीकडच्या बाळाच्या आजीनं मला विचारलं, "तुमचं कुटं हाय? काचेत ठेवलंय व्हय?" मी नुसती मान हलवली.

संध्याकाळी ड्युटीवर आलेल्या सिस्टरनी ते ऐकलं. त्यांनी माझी खाट ढकलत ढकलत दुसऱ्या वॉर्डात नेली, हर्नियाच्या आणि ॲपेंडिक्सच्या पेशंट बायकांत. मग चादर नीट करता करता हळू आवाजात विचारलं, "कितवी वेळ?"

"तिसरी."

"मग आता नुसतं नशीब म्हणून गप्प बसायचं नाही. मोठ्या डॉक्टरांकडं जा. दोघांची तपासणी करा. ऐकताय ना? दोघांची."

अमोल दारात उभे होते. त्यांनीही ते ऐकलं.

घर

घरी आल्यावर पाचव्या दिवशी आत्यांनी माझ्यासमोर पेज ठेवली आणि म्हणाल्या, "मी सांगत हुते नोकरी सोड. दिसभर त्या एसटीचं दचकं. पोटात जीव ऱ्हाईल कसा?"

त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटायचं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे कित्येक महिने गाडी खड्ड्यातून गेली की मी पोटावर हात ठेवायचे, पोट रिकामं असलं तरी.

गल्लीत एका सुनेचं डोहाळजेवण होतं. ओटी भरायला सगळ्या सवाष्णींना पुढं बोलावलं. माझ्यापर्यंत आल्यावर ताट पलीकडं सरकलं. सगळ्यांनी एकदम दुसरीकडं बघितलं, एवढंच. मी घरी येऊन कणीक मळायला घेतली. काळा दोरा बांधला, अंगारा लावला, एका बाईनं सांगितलेला पाला उगाळून प्याले. यातलं काहीच लपवत नाही. घाबरलेलं माणूस सगळं करतं.

सांगलीच्या फेऱ्या

सांगलीच्या डॉक्टर मॅडमचं नाव माझ्या मावसबहिणीनं सुचवलं. पहिल्या भेटीत त्यांनी पाऊण तास आमचं ऐकून घेतलं. माझ्या तीनही खेपांचे आठवडे त्यांनी एकाखाली एक लिहिले. तोपर्यंत कुणी ते असे ओळीनं लिहिले नव्हते. मग त्या अमोलकडं वळल्या.

"तुमचंही रक्त लागेल."

"माझं कशाला?" अमोल म्हणाले. "मला काय झालंय?"

"बाळ दोघांचं होतं ना?"

अमोलनी बाही वर केली.

त्यानंतर सकाळी सकाळी कोरेगावहून निघून कराडमार्गे सांगली, हे ठरूनच गेलं. एकदा थायरॉइड आणि साखर. एकदा पोटभर पाणी पिऊन गर्भाशयाची सोनोग्राफी, आणि नंबर लागेपर्यंत जीव मुठीत. एकदा रक्तात गाठी करणारं काही आहे का ते बघायचं. ते एकदा बघून भागत नाही, तीन महिने थांबून पुन्हा बघावं लागतं. रक्त काढणारी मुलगी मला ओळखायला लागली. ती म्हणायची, "ताई, आज डाव्या हाताची पाळी."

प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल यायचा. लोक म्हणायचे, बरंच झालं की. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनाच कळेल, की "नॉर्मल" हा शब्द वाचून रडू येतं. कारण मग उरतं काय? उरते मी आणि माझी नोकरी.

शेवटची तपासणी राहिली होती, आम्हा दोघांच्या गुणसूत्रांची. रक्त पुण्याला गेलं. तीन आठवडे लागतील म्हणाले.

त्या दिवशी

मॅडमनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "वर्षा, तुमचा नॉर्मल आहे." मग दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "अमोल, तुमच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसलेत. काहीही हरवलेलं नाही, म्हणून तुम्हाला स्वतःला काही त्रास नाही, होणारही नाही. पण बाळाला देताना अर्धंच द्यायचं असतं. तेव्हा कधी एखादा तुकडा जास्त जातो, कधी कमी. तसं बाळ वाढू शकत नाही."

अमोल कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे वायरी अदलाबदल झाल्यात, पण माझी मोटार चालतीय."

"अगदी तसंच."

"मग हिच्या नोकरीचा काय संबंध?"

"काहीही नाही. त्या बसमध्ये उभ्या राहिल्या असत्या काय आणि घरात झोपून राहिल्या असत्या काय, हेच झालं असतं."

मी रडायला लागले. तीन वेळा झालं तेव्हा रडले नसेन इतकी रडले. सुटकेचं रडू होतं ते. आणि डोळे पुसून शेजारी बघितलं तर अमोलचा चेहरा पार उतरलेला. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरून त्यांच्या डोक्यावर गेलं होतं आणि मला हलकं वाटत होतं. त्याची लाज वाटली, आजही थोडी वाटते.

मॅडमनी आणखी एक विचारलं. "हे बहुतेक आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असतं. तुमच्या आईला किती मुलं झाली?"

"दोन. मी आन् बहीण सुप्रिया."

"आत्ता असलेली नाही विचारत. एकूण किती वेळा दिवस गेले?"

अमोलना माहीत नव्हतं. वडील तर केव्हाच गेले होते.

आत्या

घरी पोचलो तेव्हा आत्या ओसरीवर घेवडा निवडत बसल्या होत्या. अमोलनी चपला काढता काढताच विचारलं, "आई, माझ्या आदी तुला काय झालं हुतं का?"

आत्यांचे हात थांबले. "कोण म्हणलं?"

"डॉक्टरीण इचारत हुती."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तुझ्या आदी तीन गेली. सुप्रीच्या आदी एक. दोन-दोन, तीन-तीन म्हैन्याची गेली. एक सातव्यात गेलं. त्याला मी बघितलं हुतं. डोक्याला जावळ हुतं."

आम्ही दोघंही खाली बसलो.

"आन् मला सांगितलं न्हाईस कदी?"

"कुणाला सांगायचं? तुझी आजी म्हणायची, हिरीचं पाणी शेंदतीया, वाकतीया, म्हणून पडतंय. म्या घागर उचलायची सोडली, तरी पडलं. मग म्हणाली, चालती जोरात."

मी रिपोर्टबद्दल जमेल तसं सांगितलं. आत्या ऐकत होत्या. मग एकदम माझ्याकडं वळल्या.

"म्हंजे माझ्याकडनं ह्याला, आन् ह्याच्याकडनं तुला तरास. आन् मी तुलाच बोलत ऱ्हायले, वर्षे. मला जे बोलल्यालं लागायचं, तेच मी तुला बोलले."

"आवं आत्या, तुमाला कुटं ठावं हुतं?"

"तुजं बी खरं. पण बोलले की." त्यांनी पदर डोळ्याला लावला. पुढच्या फेरीला त्या आमच्याबरोबर सांगलीला आल्या आणि मॅडमसमोर हात पुढं केला. "माझं बी रगात बघा." त्यांचा कागद अमोलच्या कागदासारखाच आला.

अमोलचं गप्प होणं

त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरातले सगळ्यात अवघड. अमोल दुकानातच बसून राहायचे. जेवायला बोलावलं तर "तुमी जेवा." एका रविवारी मी सरळ दुकानात गेले. ते तांब्याची तार गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "तू अजून एकतीसचीच हायस. दुसरं बघितलंस तरी मी आडवा येणार न्हाई."

मला इतका राग आला की आवाज रस्त्यावर ऐकू गेला असेल. "पाच वर्षं सगळ्यांनी दोष माझा म्हणला, तवा तुमी मला सोडलं का? मग मी का सोडू?"

त्यांनी तारेचं रीळ बाजूला ठेवलं, शटर ओढलं आणि माझ्याबरोबर घरी जेवायला आले. त्या दिवसापासून तो विषय निघाला नाही.

शिराळ्याला

मॅडम म्हणाल्या होत्या, अमोलच्या बहिणीलाही सांगा, तिच्यातही हे असू शकतं. नणंद सुप्रिया शिराळ्याला दिलेली. लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि एकदा तिचंही गेलं होतं. सासरची कुजबूज सुरू झाली होती. आम्ही फोन करायचा म्हणत होतो. आत्या म्हणाल्या, "ह्ये फोनवर सांगायचं न्हाई."

त्या ठेवणीतली साडी नेसल्या आणि आम्ही शिराळ्याला गेलो. चहा झाल्यावर आत्यांनी विहीणबाईंसमोर सगळं सांगितलं, स्वतःची चार धरून. शेवटी म्हणाल्या, "तिची तपासणी करू. तिच्यात निगालं, तर ते माझ्याकडनं आलंय. पोरीला बोलू नका. बोलायचं तर मला बोला, मी हितं बसलीया."

विहीणबाईंनी मान खाली घातली. सुप्रिया आतल्या दारात उभी होती. ती येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. पुढे तिचा रिपोर्ट आला तो साधा होता, तिच्यात ती अदलाबदल नव्हती. पण त्या दिवशी तिला जे मिळालं त्यासाठी रिपोर्टची वाट बघावी लागली नाही.

कारण माहीत असताना

मॅडमनी रस्ते सांगितले होते. पुण्याला जाऊन गर्भ बाहेर तयार करून, तपासून आत सोडता येतो. नाहीतर आहे तसा प्रयत्न करत राहायचा. अशा बऱ्याच जणांना चांगलं मूल होतं, पण मध्ये आणखी एखादं जाऊ शकतं. दत्तकाचाही विचार करा म्हणाल्या. "मी आशा देते, पण खोटी देत नाही," हे त्यांचं वाक्य. आम्ही दुसरा रस्ता धरला.

चौथं नवव्या आठवड्यात गेलं.

या वेळी मॅडमनी ते तपासायला पाठवलं. कागदावर लिहून आलं, की एक तुकडा जास्त गेला होता. दुःख कमी झालं असं म्हणणार नाही. पण दवाखान्यात आत्या माझ्या उशाशी बसून माझी वेणी घालत होत्या आणि कुणीही विचारलं नाही, की मी काय उचललं, कुठं गेले, काय खाल्लं. मी नुसती रडले. अपराधी वाटून रडणं आणि नुसतं रडणं यात किती फरक असतो, ते मला तेव्हा कळलं.

पाचव्या खेपेला ठोके आले. मी मॅडमना पडदा माझ्याकडं करायला सांगितला. आगारातल्या साहेबांनी मला पासच्या खिडकीवर बसवलं. दचक्यांमुळं काही होतं म्हणून नव्हे, उलट्या फार होत होत्या म्हणून!

सतराव्या आठवड्यात पोटात सुई घालून गर्भजल काढलं. बाळ मुलगा की मुलगी ते आम्हाला जाणून घ्यायचं नाही, अशा कागदावर सह्या केल्या. सुई दुखली नाही फारशी. भीती वाटली ती पुढचे तीन आठवडे. पोट दिसायला लागलेलं, आणि मी बाळाशी बोलायचं टाळत होते. शब्द दिला आणि ते राहिलं नाही तर?

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. मॅडम उभ्याच राहून म्हणाल्या, "वडिलांसारखंच आहे. अदलाबदल आहे, पण सगळं पूर्ण आहे. काही जास्त नाही, काही कमी नाही."

अमोलनी तिथूनच आत्यांना फोन लावला, स्पीकरवर. आत्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे माझ्यासारखं?"

"व्हय, आई. तुझ्यासारखं, माझ्यासारखं."

"मग जगंल," आत्या म्हणाल्या.

बसस्टँडवर बसून मी पहिल्यांदा पोटावर हात ठेवला आणि बाळाला सांगितलं, की आपण आता कोरेगावला चाललोय.

हे वाचणाऱ्या बाईला

तू कुठली आहेस मला माहीत नाही. तुझं कारण माझ्यासारखं असेलच असं नाही. पुष्कळ जणींना सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही, आणि तरी पुढं मूल होतं. मी डॉक्टर नाही. पण नवऱ्यालाही रक्त द्यायला लाव. तो कुरकुर करेल, करू दे. आणि सासूला, आईला, आजीला विचार. रागानं नको, जवळ बसून विचार. आपल्या घरातल्या बायकांनी काय काय गिळून टाकलंय, ते विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

मला लोकांनी बोललेलं आठवतं, पण त्याहून जास्त आठवतात ती हातची घोंगडी काढून देणारी म्हातारी, खाट ढकलणाऱ्या सिस्टर, गाडी वाट सोडून दवाखान्यापाशी नेणारे ड्रायव्हरकाका, आणि माझे आठवडे ओळीनं लिहून घेणाऱ्या मॅडम. कुणीच मोठं काही केलं असं त्यांना वाटत नसेल. त्यांच्यामुळं मी शाबूत राहिले.

एका दुपारी

सांगलीलाच बाळंतपण झालं. मुलगी झाली. जरा लवकर आली, पण रडली चांगली. अमोल खिडकीकडं तोंड करून उभे होते, खांदे हलत होते. मी त्यांना हाक मारली नाही.

आत्यांनी तिला मांडीवर घेतलं होतं. एक नवीन नर्स कागद भरायला आली. माझे डोळे मिटलेले बघून तिनं आत्यांनाच विचारलं, "आजी, सुनेचं पहिलंच का हे?"

आत्यांनी बाळावरची नजर काढली नाही.

"पाचवं," त्या म्हणाल्या. "चार ऱ्हायली न्हाईत. ही ऱ्हायली. तसंच लिवा."